मंडईच्या दिवसांत अडकलेला राजीनामा

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, लाखनी,
जि. भंडारा.

अर्जदार : रुचिता जीवन नंदागवळी, वय ३१ वर्षे, सरपंच, ग्रामपंचायत खैरटोली.

विषय : अर्जदाराचा सरपंचपदाचा राजीनामा चौथ्या सदस्याअभावी तीन वेळा सभेपुढे येऊ न शकल्याने, दि. १ डिसेंबरच्या तहकूब सभेबाबत लेखी मार्गदर्शन मिळणेबाबत.

संदर्भ : १) मा. सभापती यांच्याकडे दिलेला राजीनामा, दि. १३/१०/२०२५.
२) तहकूब झालेल्या सभा, दि. ३०/१०, १२/११ व २४/११/२०२५.
३) ग्रामपंचायत अधिकारी श्री. भुपेंद्र कापगते यांचे तोंडी म्हणणे.

महोदय,

अर्जास कारण एकच आहे, पण ते सांगायला थोडी जागा लागेल. तेवढी द्यावी. सेतू केंद्रातल्या माणसाने सांगितले की ‘मी, माझे’ लिहिले की साहेबांना रडगाणे वाटते आणि ‘अर्जदार’ लिहिले की कागद वाटतो. म्हणून खाली सर्वत्र अर्जदार असेच लिहिले आहे. रडगाणे वाटल्यास तो अर्जदाराचा दोष समजावा, सेतूवाल्याचा नाही.

१) अर्जदार ही मूळची हिंगणघाटकडची. दि. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी खैरटोलीच्या बुद्धविहारात तिचा जीवन नंदागवळी यांच्याशी मंगल परिणय झाला. जीवन हे अमेरिकेत पाण्याच्या शुद्धीकरणावर संशोधन करतात आणि आता तिथलेच नागरिक आहेत. पत्नी म्हणून तिथे कायम राहण्याचा व्हिसा अर्जदारास या उन्हाळ्यानंतर मिळाला. वैद्यकीय तपासणी जूनमध्ये झाली, त्यामुळे व्हिसाची मुदत १२ डिसेंबरला संपते. त्या तारखेच्या आत तिथल्या विमानतळावर उतरले नाही तर तपासणी पुन्हा, कागद पुन्हा, मुंबईच्या वकिलातीच्या खिडकीसमोरची रांग पुन्हा. किती महिने लागतील हे कोणी सांगत नाही.

२) मग ऑगस्टमध्येच का गेली नाही, असे आपण विचाराल. सारे गाव विचारते. त्याचे कारण असे, की लग्नाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी तिथे उतरले तर बायकोला दोनच वर्षांचे तात्पुरते कार्ड मिळते, आणि ते संपत आले की आपला संसार खरा आहे हे नवराबायकोने पुन्हा सरकारला पटवून द्यायचे असते. दोन वर्षे पूर्ण करून उतरले तर सरळ दहा वर्षांचे कार्ड मिळते. लग्नाचे फोटो, विहारातले प्रमाणपत्र, फोनवरच्या बोलण्याचा तपशील असे गाठोडे घेऊन अर्जदार एकदा परीक्षेला बसली आहे. तीच परीक्षा पुन्हा नको, असे तिने ठरवले. शिवाय गावची पाण्याची टाकी अर्धी उभी होती आणि अर्धी टाकी सोडून जाणे तिच्या जिवावर आले. जीवन फोनवर म्हणत होते, “तू ये ना आधी, कार्डाचं मागून पाहू.” अर्जदाराने ऐकले नाही. २३ नोव्हेंबर उलटल्यावर आणि १२ डिसेंबरच्या आत जायचे, असा बेत तिने स्वतः आखला आणि ९ डिसेंबरचे नागपूरहून तिकीट काढायला लावले. या बेतात कुठे खोट असेल तर ती अर्जदाराची आहे, जीवनची नाही.

३) खोट होतीच. आपल्याकडे राजीनामा मासिक सभेपुढे ठेवावा लागतो आणि ठेवल्यावर सात दिवसांनी तो लागू होतो, हे अर्जदाराने वाचून घेतले होते. दिवाळीआधी राजीनामा दिला की ऑक्टोबरअखेरच्या सभेत तो वाचला जाईल, नोव्हेंबरात उपसरपंचांकडे कारभार सोपवू आणि डिसेंबरात मोकळ्या मनाने निघू, असे तिला वाटले. आपल्या झाडीपट्टीतल्या कोणत्याही शाळकरी पोरीने तिला सांगितले असते की दिवाळीनंतरचे दिवस धरू नको. पण तिने कोणाला विचारले नाही. मंडई, म्हणजे इकडची दिवाळीनंतरची गावजत्रा, एक दिवसाची असते असे तिला वाटत होते. तशी ती असतेच. प्रत्येक गावाची एक दिवसाची, आणि प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. भाऊबीज झाली की आज या गावी तर उद्या त्या गावी दुकाने लागतात, दिवसा दंडारीचे नाचगाणे, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. बोलावणे आले आणि गेले नाही तर सोयरे वर्षभर तोंड फिरवून बसतात. अर्जदाराचे स्वतःचे लग्न मंडईतच जुळले. ती मावशीकडे एकोडीच्या मंडईला आली होती आणि जिलेबीच्या दुकानापुढे तिच्या होणाऱ्या सासूने तिला हेरले. एवढे होऊनही तिने सभेच्या तारखा मंडईच्या दिवसांत पाडल्या. परमुलखातून आलेल्या बाईचीच ही चूक आहे आणि ती तिला मान्य आहे.

४) आता सभांचे. गणपूर्तीला चार सदस्य लागतात. उपसरपंच श्री. कृष्णराव लांजेवार तीनही सभांना वेळेआधी हजर होते. पद त्यांच्याकडे येणार असल्याने ते हजर राहतील याची अर्जदाराला खात्री होतीच. सदस्या पंचफुलाबाई मेश्राम याही आल्या. त्यांच्या घरी शिंगाडे काढायचे दिवस सुरू आहेत, तरी तलावाचे काम दिराच्या हवाली करून, ओल्या लुगड्यानिशी येऊन बसल्या. तिसरी अर्जदार स्वतः. बाकीच्यांपैकी एक सदस्य ट्रकवर असतात व सध्या ते ओडिशाकडे आहेत, एक बाळंतपणाला माहेरी गेल्या आहेत, एक गेल्या पावसाळ्यात वारले व ती जागा रिकामी आहे, आणि एक विटाभट्टीच्या कामाला घरदारासह तेलंगणात गेले आहेत. म्हणजे खैरटोलीत राहणारा, चालता फिरता, सही करू शकणारा चौथा सदस्य एकच उरतो. तीनही सभांना तो गैरहजर राहिला.

५) सदर सदस्याचे नाव श्रीमती मालनबाई नंदागवळी. या अर्जदाराच्या सासू आहेत.

महोदय, त्या अर्जदाराच्या बाजूच्या खाटेवर झोपतात. सकाळचा चहा दोघी एकाच गंजात उकळलेला पितात. सभेची सूचना घेऊन पंचायतीचा पाणी सोडणारा फकिरा घरी येतो, तेव्हा त्या त्याला पाटावर बसवतात, सूचनेवर सही करतात आणि सभेच्या दिवशी पिशवी घेऊन मंडईला निघतात. पहिल्या सभेच्या दिवशी एकोडीला बहिणीकडे गेल्या. दुसऱ्या सभेला पुतणीच्या गावी. अर्जदाराने हटकले असता म्हणाल्या, “मंडई का आपल्या सोयीनं येते बाई? बोलावणं आलं तं जा लागते. तुही सभा कायले पळून जाते?”

सभा पळून जात नाही हे खरे. पण डिसेंबर पळत येतो.

६) अर्जदाराला सरपंच मालनबाईंनीच केले, हे आपल्या कार्यालयाच्या माहितीसाठी नमूद करते. गेल्या वर्षी पोटनिवडणूक लागली तेव्हा त्यांनी सुनेला फॉर्म भरायला लावला आणि उन्हातान्हात घरोघर फिरल्या. “माही सून शिकेल आहे, तिले निवडून द्या,” एवढेच त्यांचे भाषण. लोक म्हणत, “पण ते तं अमेरिकेले जाऊन राहिली म्हणते.” त्यावर त्या म्हणत, “जाईन तवा जाईन. आतं तं इथंच हाये ना.” अर्जदाराला त्या वेळी हसू आले होते. सुनेचे केवढे कौतुक, असे वाटले होते. ते कौतुक होतेच. पण गायीच्या गळ्यात घंटा बांधतो तसाही त्यात थोडा हिशोब असावा, असे आता वाटते.

७) तिसरी सभा २४ नोव्हेंबरला, म्हणजे लग्नाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी ठेवली. या वेळी अर्जदार शहाणी झाली होती. आसपासच्या गावांत विचारून, त्या दिवशी कुठेही मंडई नाही अशी खात्री करून तिने तारीख धरली. मालनबाई सकाळी उठल्या, नवे लुगडे नेसल्या आणि चिखल्याला भावाकडे, हिरालालमामांकडे, मंडईला जाते म्हणून निघाल्या. मामा खाणीतून निवृत्त झालेले, आजही खाणीच्या वसाहतीत राहतात. तिथे त्या दिवशी मंडई नव्हती. अर्जदाराला ते माहीत होते. आणि तिला ते माहीत आहे हे मालनबाईंनाही माहीत असावे. सभा तहकूब झाली.

संध्याकाळी मालनबाई परतल्या. मंडईहून येताना घरच्यांसाठी काही आणायचे असते, म्हणून त्यांनी कागदात बांधून जिलेबी आणली होती. अर्जदाराने विचारले, मंडई कशी झाली. “बेस झाली बाई. दंडार मस्त होती,” असे त्या म्हणाल्या आणि पायाला तेल लावत बसल्या. दुसऱ्या दिवशी फकिरा, आदल्या दिवशी पाण्याच्या मोटारीचा सुटा भाग आणायला लाखनीला गेला होता त्याची हकिकत सांगायला आला आणि जाता जाता म्हणाला, “म्याडम, काल आजी तं बस स्टँडावरच बसून होती दिवसभर. मी चा पाजला. कुठं जाऊन राहिली म्हटलं तं म्हणे, गाडीची वाट पाहून राहिली.”

चिखल्याकडे जायला गाड्या नव्हत्या असे नाही. लाखनीच्या स्टँडवरून दिवसभर सगळीकडे गाड्या सुटतात. हमरस्त्यावरच्या ट्रकांची धूळ खात, साठी उलटलेली बाई मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिली, कारण घरी असती तर सभेला जावे लागले असते. आणि सभेला जाऊन सुनेच्या तोंडावर नाही म्हणणे तिला जमत नाही. अर्जदाराने ती जिलेबी खाल्ली होती. फकिराचे बोलणे ऐकल्यावर तिला मागच्या दारी जाऊन रडू आले, हे या अर्जाच्या विषयाशी संबंधित नसले तरी लिहिले आहे.

८) कोणी म्हणेल, राजीनाम्याचे घोंगडे भिजत ठेवून सरळ विमानात बसावे. जीवनही हेच म्हणतात. “तिथून तुला कोण विचारायला येणार आहे?” हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. अर्जदाराला कोणी विचारणार नाही. पण टाकीचे उरलेले काम, फकिराचा पगार, गावच्या दिव्यांचे बिल, हे सारे सरपंचाच्या सहीने निघते. सही अमेरिकेत गेली की नळ कोरडे पडतील आणि लोक म्हणतील, सरपंच बाई पळाली. ते म्हणायला लोक अमेरिकेत जाणार नाहीत. ते मालनबाईंच्या ओट्यावर येतील. ज्यांच्या दारी जाऊन त्यांनी मत मागितले तेच त्यांना विचारतील. त्या वेळी त्या घरात एकट्या असतील. अर्जदार कारभार रीतसर सोपवूनच जाईन म्हणते ते मालनबाईंसाठी, आणि मालनबाईच तो सोपवू देत नाहीत. यातून वाट कशी काढावी हे अर्जदारास सुचत नाही.

९) श्री. कापगते यांची यात काही चूक नाही. ते म्हणाले, “म्याडम, तीन सह्यांवर राजीनामा घेतला अन् उद्या कोणी तक्रार केली तं चौकशी माह्यावर लागते.” त्यांनी उपाय सांगितला तो असा, की अर्जदाराने गैरहजर सदस्येविरुद्ध लेखी तक्रार करावी, ते ती वर पाठवतील आणि नोटीस निघेल. अर्जदाराने त्यावर रात्रभर विचार केला. नोटीस निघाली तर ती घेऊन फकिराच येणार. मालनबाई त्याला पाटावर बसवणार. चष्मा मोडल्यापासून त्यांना बारीक अक्षर लागत नाही, म्हणून कागद हातात घेऊन त्या म्हणणार, “काय लिहिलं हाये, वाच बरं.” आणि अर्जदाराने केलेल्या तक्रारीवरून निघालेली नोटीस अर्जदारानेच त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. ही तक्रार अर्जदाराच्या हातून होणार नाही.

शिवाय महोदय, या बाई नुसत्या अडवत असत्या तर गोष्ट सोपी होती. छपरावर लाखोळीच्या डाळीच्या वड्या वाळत आहेत. त्या अर्जदाराच्या पेटीत जायच्या आहेत. तिथे थंडी फार म्हणून त्यांनी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली आहे, आणि ९ तारखेच्या आत पुरी व्हावी म्हणून शेजारच्या बायांना हाताशी घेतले आहे. एका हाताने सून धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने तिचे सामान भरायचे. सदर वर्तन कार्यालयीन भाषेत कसे मांडावे हे अर्जदारास कळलेले नाही.

१०) काल अर्जदाराने अखेर विषय काढला. बस स्टँडचे नाव घेतले नाही. वाकळीला टाके घालता घालता एवढेच म्हटले, की आई, एक तारखेच्या सभेला या. मालनबाईंनी हातातला टाका पुरा केला. मग म्हणाल्या, “तू इथं हायेस तं तो येते. तू गेली का मंग मी कोणाच्या पायी त्याले बोलावू?”

तो म्हणजे जीवन. लग्नाआधी जीवन इतकी वर्षे तिकडे राहिले, त्यात दोनदा गावी आले, आणि त्यातल्या एकदा वडिलांच्या मातीला. लग्न झाल्यापासून दर सहा महिन्यांनी येतात. आले की आईच्या हातचे जेवतात, तिच्या पायाशी बसून गप्पा मारतात, बांधावर जाऊन धान पाहतात. मालनबाईंना मुलगा मिळाला तो सुनेच्या पाठीमागून. आणि अर्जदाराचा व्हिसा कामी आला की दोघेही पृथ्वीच्या पलीकडे. “आम्ही येत जाऊ आई,” असे अर्जदार म्हणाली. ते खरे आहे की नाही हे तिला स्वतःला माहीत नाही. तिकिटे महाग, सुट्ट्या थोड्या, पुढे लेकरे होतील. मालनबाई म्हणाल्या, “येजो.” आणि दिवा बारीक करून निजल्या. सभेबद्दल हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

त्यांना सोबत नेता येईल का, असे आपल्या मनात आले असेल. अर्जदाराच्याही आले. त्याला काही वर्षे लागतात, आणि मालनबाईंना विचारले तर त्या म्हणतात, तिकडे मंडई असते का.

११) सबब विनंती पुढीलप्रमाणे.

गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली तर तिला गणपूर्तीची अट राहत नाही, असे अर्जदाराच्या वाचनात आले आहे. तसे असल्यास, दि. १ डिसेंबर रोजी दुपारी एक वाजताच्या सभेत हजर असतील तेवढ्या सदस्यांपुढे राजीनामा ठेवावा, असा लेखी आदेश आपण श्री. कापगते यांच्या नावे काढावा. त्या दिवशी राजीनामा वाचला गेला तर सात दिवस ८ तारखेला भरतात आणि ९ चे विमान मिळते. त्यापुढे एक दिवसही उरत नाही. अर्जदाराचा नवरा तिकडे वाट पाहत आहे, दोन वर्षे दोघांनी फोनवर संसार केला आहे, आणि तिला त्याच्याकडे जायचे आहे. ही गोष्ट वरच्या इतक्या मजकुरात हरवू नये म्हणून पुन्हा लिहिली.

मात्र त्यासोबत आणखी एक विनंती आहे, आणि ती कोणत्या नियमात बसते हे अर्जदारास ठाऊक नाही. आदेश काढावा, पण सभेआधी पाठवू नये. आपल्या टेबलाच्या खणात ठेवावा. चौथ्या सहीवाचून काम होते असे आधीच गावात कळले, तर मालनबाई येणार नाहीत, आणि न येण्याने काही अडलेही नाही हे त्यांना आयुष्यभर कळत राहील. १ तारखेला कुठेच मंडई नाही. त्या दिवशी अर्जदार त्यांना बोलवायला जाणार नाही, फकिरालाही पाठवणार नाही. मालनबाई आपणहून आल्या तर पंचायतीतून आपल्याला फोन येईल; दुपारी दोनपर्यंत तो आला नाही, तर आदेश पाठवून द्यावा. मग अर्जदार नियमाने जाईल.

फोन आला तर तो कागद फाडून टाकावा. या घरातून अर्जदाराला सासूने पाठवली म्हणून जायचे आहे.

एवढे ध्यानात घ्यावे, ही विनंती.

आपली विनम्र,
(सही)
रुचिता जीवन नंदागवळी
सरपंच, ग्रामपंचायत खैरटोली
दि. २६ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) राजीनाम्याची प्रत. २) तीन तहकूब सभांच्या इतिवृत्तांच्या प्रती. ३) पासपोर्टवरील व्हिसाची झेरॉक्स. ४) दि. ९ डिसेंबरच्या विमान तिकिटाची प्रत.

प्रत माहितीसाठी : ग्रामपंचायत अधिकारी, खैरटोली यांना, सभा संपल्यानंतर द्यावी.